कमी दराची फांदी

मोठ्या झाडाची छाटणी करायची ठरली की तिघांकडून दर मागवले जातात आणि सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम मिळतं. पालिका असो, शाळा असो, की दारात एकच जुनं झाड असलेलं घर असो, रीत हीच. पैसा सार्वजनिक असेल तर ती स्वच्छ कारभाराची खूणही मानली जाते. झाडांच्या कामात मात्र ही रीत झाडाचाही घात करते आणि झाडावर चढणाऱ्याचाही. या दोन तक्रारी सहसा वेगवेगळ्या व्यासपीठांवरून ऐकू येतात. वृक्षप्रेमी झाडाबद्दल बोलतात, कामगार संघटना माणसाबद्दल, आणि दोघांची गाठ क्वचितच पडते. पण आज झाडावर चुकीच्या जागी पडलेल्या घावाच्या आधारानेच दहा वर्षांनी दुसरा कुणीतरी दोर टाकून वर जाणार असतो. म्हणून या दोन्हींचा विचार एकत्रच करायला हवा.

आधी झाडाचं बघू. कातडी कापली गेली की आपल्या शरीरात त्याच जागी नव्या पेशी येतात. झाडाचं तसं नाही. जखमी लाकूड कायम जखमीच राहतं. झाड त्याच्याभोवती भिंती घालतं, कूज आतल्या आत कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवत राहतं. अमेरिकेच्या वनसेवेतले अ‍ॅलेक्स शायगो यांनी १९७७ मध्ये हे चित्र नीट मांडलं. त्यासाठी त्यांनी हजारो झाडं उभी चिरून पाहिली, आणि ते शक्य झालं एका माणसाला पेलेल अशी चेनसॉ, म्हणजे यंत्रावर फिरणारी साखळी-करवत, तोवर आली होती म्हणून. आडव्या कापात कूज नुसती डागासारखी दिसते. उभ्या कापात ती कुठून आत शिरली आणि कुठे अडली हे कळतं. ज्या यंत्राने झाडांची अपरिमित नासधूस केली त्याच यंत्राने झाड समजून घ्यायलाही मदत केली, हे जाता जाता.

यातून निघालेला नियम फार अवघड नाही. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. काप त्या कड्याच्या बाहेर, पण अगदी लगत द्यायचा. कडंच कापलं तर जखम खोडाच्या लाकडाला होते. लांब खुंट ठेवला तर तो कुजतो आणि बुरशीला आत जायला वाट करून देतो. फांदी जड असेल तर तीन काप: आधी जरा दूर खालच्या बाजूने, मग त्याच्या किंचित पुढे वरून, आणि वजन निघून गेल्यावर शेवटचा कड्यालगत. एकाच घावात उरकलं तर खाली जाणारी फांदी खोडाची साल हातभर सोलून नेते. जखमेवर डांबर किंवा रंग फासण्याची जुनी सवय कूज थांबवत नाही, हेही शायगोंच्या कामातून स्पष्ट झालं. तरी रंगाचा डबा अजून सुटलेला नाही, कारण गिऱ्हाइकाला तो उपचार वाटतो.

याच्या अगदी उलट काम म्हणजे शेंडा उडवणं. जाड फांद्या जिथे हात पोचेल तिथे मधेच कापून टाकायच्या. झाडांच्या कामाचं ब्रिटनचं २०१० चं बीएस ३९९८ हे मानक आणि अमेरिकेचं ए३०० दोन्हींना ही पद्धत अमान्य आहे. तरीही ती सर्रास चालते, कारण ती झटपट होते. फांदीच्या टोकापर्यंत जावं लागत नाही, दुपारपर्यंत जमिनीवर लाकडाचा ढीग पडतो आणि पैसे देणाऱ्याला काम झाल्याचं डोळ्यांनी दिसतं. मग काही आठवड्यांत सालीखालचे सुप्त डोळे जागे होतात आणि खुंटाभोवती धुमाऱ्यांचा झुबका फुटतो. झाडाचं अन्न तयार करणारी पानं एका दिवसात गेलेली असतात, त्यामुळे हे धुमारे जिवाच्या आकांताने वाढतात आणि काही वर्षांत झाड होतं तेवढं उंच होतं. बघणाऱ्याला वाटतं, झाड कसं जोमदार फुटलंय! मूळ फांदी खोडाच्या लाकडात आतपर्यंत रुजलेली असते. हे धुमारे मात्र फक्त बाहेरच्या थराला चिकटून असतात आणि त्यांच्या बुडाशी असलेला खुंट आतून कुजत असतो.

आता त्याच झाडावर पुन्हा माणूस पाठवायचा आहे.

चढणारा आधी वजनाची छोटी पिशवी बांधलेली बारीक दोरी वरच्या एखाद्या बेचक्यातून पार करतो, तिच्यामागून मुख्य दोर ओढून घेतो, दोघे मिळून त्या दोराला लोंबकळून आधार तपासतात आणि मग तो वर जातो. चांगल्या वाढलेल्या झाडात हे आधार वाचता येतात. बेचकं कसं आहे, साल आत दबली आहे का, बुंध्यावर किंवा फांदीवर बुरशीची छत्री आहे का, हे अनुभवी माणूस खालूनच पाहतो. शेंडा उडवलेल्या झाडात हे वाचन निम्मं निकामी होतं. वर हिरवी, मनगटाएवढी किंवा मांडीएवढी जाड फांदी दिसते, पण ती ज्याला धरून आहे ते दिसत नाही. मागच्या ठेकेदाराने दोन तास वाचवले. त्या दोन तासांचा धोका आता या माणसाच्या हार्नेसला, म्हणजे त्याला दोराशी जोडणाऱ्या अंगावरच्या पट्ट्यांना, येऊन टांगलेला आहे, आणि तो त्याच्या दरपत्रकात कुठेही लिहिलेला नाही.

पायाला बांधायच्या लोखंडी काट्यांचंही असंच. झाड पूर्ण उतरवायचं असेल किंवा वर अडकलेल्या माणसाला सोडवायचं असेल तर काटे ठीक. राखायच्या झाडावर त्यांना मनाई असते, कारण प्रत्येक पाऊल म्हणजे सालीला एक भोक. पण काट्यांनी चढणं दोराने चढण्यापेक्षा सोपं आणि चटपटीत, त्यामुळे दर पाडून घेतलेल्या कामावर ते हमखास बाहेर निघतात.

नीट छाटणीला वेळ कुठे जातो हे पैसे देणाऱ्याला सहसा ठाऊक नसतं. फांदीची लांबी कमी करायची तर टोकाकडे जाऊन, कापलेल्या भागाची जागा घेऊ शकेल अशा उपफांदीपर्यंतच कापायचं. ती उपफांदी किमान एक तृतीयांश जाडीची असावी असा ढोबळ नियम आहे. म्हणजे चढणाऱ्याला खोडापासून दूर, बारीक होत जाणाऱ्या फांदीवर, दोरावर अर्धं वजन टाकून चालत जावं लागतं. दोराचा आधार मागे खोडाजवळ. पाय सटकला तर तो सरळ खाली जात नाही, झोका घेऊन खोडावर आदळतो. या व्यवसायातलं खरं कसब या शेवटच्या चार मीटरांत आहे. आणि दिवसाच्या शेवटी खाली पडतो लहानसा ढीग, झाड जवळपास होतं तसंच दिसतं, आणि मालक विचारतो, ‘एवढ्याचे एवढे?’ कामाचं मोल कापलेल्या लाकडावरून करायची सवय लागली की नीट काम करणाराच चोर ठरतो.

वरच्या माणसाचं थोडं तरी कौतुक होतं. खालच्याचं कुणी करत नाही, आणि मला वाटतं सगळ्यात मोठी गफलत इथे आहे. सुमारे ४० सेंटिमीटर व्यासाचा, एक मीटर लांबीचा ओला ओंडका साधारण सव्वाशे किलोपर्यंत भरतो. खाली घर, भिंत किंवा तारा असतील तर तो सोडून देता येत नाही, दोराने उतरवावा लागतो. चढणारा खोडावर कप्पी बांधतो, तिच्यातून दोर खाली जातो आणि बुंध्याला बांधलेल्या घर्षणाच्या नळीवर दोन-तीन वेढे घेऊन खालचा माणूस तो धरतो. वरचा काप पुरा झाला की ओंडका कप्पीच्या खाली घसरतो आणि दोर ताणला जातो. खालच्याने दोर जागच्या जागी घट्ट धरला तर धक्का ओंडक्याच्या वजनाच्या कितीतरी पट होतो. शिवाय कप्पीवर दोराच्या दोन्ही बाजूंचा ताण एकत्र येतो. त्याच खोडाला, कप्पीच्या जरा खाली, चढणाऱ्याने स्वतःला बांधलेलं असतं. दोर योग्य क्षणी सैल सोडून ओंडक्याला हळूहळू थांबवणं ही खालच्याच्या हाताची कला आहे. ती साधली नाही तर खोड वरच्या माणसासकट चाबकासारखं हलतं.

एवढी जबाबदारी ज्याच्या हातात, तो टोळीतला सर्वांत कमी मजुरीचा, सर्वांत नवा आणि सर्वांत लवकर बदलला जाणारा माणूस असतो. दर कमी करायचा ठरला की पहिला तोच कमी होतो. मग उरलेला एकजण दोरही धरतो, फांद्याही ओढतो, फांद्यांचा चुरा करणारं चिपर यंत्रही चालवतो आणि रस्त्यावरच्या लोकांनाही थांबवतो. चिपर कसल्याही फांदीला दयामाया दाखवत नाही, तसाच दोरालाही नाही. चढणाऱ्याच्या दोराचं सुटं टोक फांद्यांच्या ढिगातून चिपरमध्ये ओढलं जाऊन वरचा माणूस मेल्याच्या घटना या धंद्यात घडलेल्या आहेत. याला अपघात म्हणायचं, पण तो घडायला खालच्या माणसाचं लक्ष तीन कामांत वाटलेलं असावं लागतं, आणि ते वाटण्याचा निर्णय कार्यालयात बसून झालेला असतो.

वर जखमी झालेल्याला खाली आणणं हा तर त्याहून गैरसोयीचा विषय. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचत जातं आणि तो काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो. चेनसॉने हाताची शीर कापली गेली असेल तर तेवढीही उसंत मिळत नाही. बाहेरून मदत येईपर्यंत थांबणं परवडत नाही, म्हणून जाणत्या टोळीत खाली दुसरा चढणारा असतो. त्याचा हार्नेस तयार असतो, वर जायला दुसरा दोर शक्य तिथे आधीच लावलेला असतो आणि सुटकेचा सराव त्याने केलेला असतो. ब्रिटनमध्ये दोराने चढण्याच्या पायाभूत परीक्षेतच झाडावरून सुटका करण्याचा भाग आहे. जर्मनीत दोरावरचं शिक्षण दोन टप्प्यांत होतं. एसकेटी-ए मध्ये चढणं, सुटका आणि हातकरवत, आणि एसकेटी-बी झाल्यावरच दोरावर लटकून चेनसॉ. ही क्रमवारी मला फार शहाणपणाची वाटते. यंत्र हातात येण्याआधी दोर अंगवळणी पडलेला असतो.

हा दुसरा चढणारा सर्वसाधारण दिवशी ‘काहीच करत नाही’. म्हणजे तो खाली इतर कामं करतो, पण त्याची खरी मजुरी ज्या गोष्टीसाठी असते ती बहुतेक दिवशी घडतच नाही. सर्वांत कमी दराच्या स्पर्धेत असा माणूस टिकूच शकत नाही. कागदावर सुटकेसाठी कुणाचं तरी नाव असतं. प्रत्यक्षात तो कधी झाडावर चढलेला नसतो.

साधनांबद्दल लोकांचा एक भाबडा समज आहे: हेल्मेट दिलं, खास पँट दिली, की माणूस सुरक्षित. चेनसॉची पँट लोखंडी चिलखत नसते. तिच्यात लांब तंतूंचे थर असतात. साखळी शिरली की ते तंतू बाहेर ओढले जातात, साखळी फिरवणाऱ्या चक्रात गुंततात आणि यंत्र अडतं. तीही ठरावीक वेगापर्यंतच: पहिल्या वर्गाची पँट सेकंदाला २० मीटर, दुसऱ्याची २४, तिसऱ्याची २८ मीटर वेगाच्या साखळीवर तपासलेली असते. जमिनीवर काम करणाऱ्याला पुढून संरक्षण पुरतं. झाडावर पाय कसेही वळतात, म्हणून चढणाऱ्याला चहूबाजूंनी तंतू असलेली पँट लागते. ती जाड असते आणि उन्हात अंग उकडतं. मग थकलेला माणूस काय करणार? स्वस्तातल्या टोळीत उष्म्याच्या दिवशी विश्रांतीच्या वेळा वाढवल्या जात नाहीत, पँट काढली जाते.

कंपनांचं नुकसान तर दिसतही नाही. वर्षानुवर्षं चेनसॉ धरणाऱ्याच्या बोटांतल्या रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात, थंडीत बोटं पांढरी पडतात, पुढे शर्टाचं बटण लावणंही कठीण होतं. २००२ च्या युरोपीय निर्देशाने हाताला बसणाऱ्या कंपनांना आठ तासांच्या सरासरीने मर्यादा घातली. कंपनांचा जोर (त्वरण) प्रतिवर्ग सेकंद २.५ मीटर झाला की उपाय सुरू करायचे, ५ मीटरच्या पुढे जायचंच नाही. हा आकडा पाळायचा म्हणजे यंत्र हातात धरायचे तास मोजायचे आणि माणसं आळीपाळीने बदलायची. एकच चढणारा असलेल्या टोळीत आळीपाळी कोण करणार? बॅटरीवरच्या नव्या चेनसॉ हलक्या आहेत, त्यांना धूर नाही, आवाज कमी, कंपनंही सहसा कमी. मला त्या आवडतात. पण त्यांनी एक नवी अडचण आणली आहे: वरचं यंत्र चालू आहे की बंद, हे खालच्याला पूर्वी कानाने कळायचं, आता कळत नाही. पुन्हा खालच्या माणसाच्या लक्षावरच भार.

आणि ही साधनं असतात कुणाची? अनेक ठिकाणी चढणारा रोजावर येणारा स्वतंत्र माणूस असतो. हार्नेस त्याचा, दोर त्याचा, वरची छोटी चेनसॉही त्याचीच. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांप्रमाणे माणसाला उचलणाऱ्या साधनांची दर ६ महिन्यांनी जाणकाराकडून तपासणी व्हावी लागते. उत्तम नियम. पण दोरावर चेनसॉचा दात ओझरता लागला तर तो तिथल्या तिथे बाद करायचा हा निर्णय ज्याने घ्यायचा, त्यालाच नवा दोर स्वखर्चाने आणायचा असतो. पाऊस पडला की त्याचा रोज बुडतो, खांदा दुखावला की महिना बुडतो. स्वातंत्र्य म्हणून हे मिरवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातलं काही खरंही आहे. या कामात मन रमतं, हुकूम कमी असतात. तरी चाळिशीतल्या चढणाऱ्याचे खांदे आणि कोपरं बघितली की या स्वातंत्र्याचा हप्ता कोण भरत होतं ते कळतं.

नियम करा, परवाने द्या, असं उत्तर लगेच येतं. मी त्याच्या विरोधात नाही. नियम फुकट मिळालेले नाहीत, हेही खरं. अमेरिकेत झाडावरच्या कामाच्या सुरक्षिततेचं झेड१३३ हे मानक १९७२ मध्ये पहिल्यांदा आलं. त्याची सुरुवात १९६८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका आईच्या पाठपुराव्याने झाली होती. तिचा मुलगा झाडावरच्या कामात गेला होता. पण आजही ब्रिटनमध्ये कुणीही गाडीवर झाडांच्या कामाची पाटी लावू शकतो, आणि अमेरिकेत कनेक्टिकट, मेन अशा काही राज्यांतच परवाना लागतो. परवाना आला तरी तो माणसाची लायकी सांगतो, त्याला त्या दिवशी मिळालेला वेळ सांगत नाही. उत्तम शिकलेला चढणारासुद्धा अर्ध्या दिवसाच्या पैशांत पूर्ण दिवसाचं काम घेतो तेव्हा काटे बांधतो आणि शेंडा उडवतो.

दुसरं उत्तर येतं यंत्राचं: माणूस वर पाठवूच नका. ब्रिटनच्या २००५ च्या नियमांतही उंचीवर जाणं टाळता आलं तर आधी टाळा, असंच सांगितलंय, आणि काही झाडांबाबत याला पर्याय नाही. युरोपात अ‍ॅशच्या झाडांना बुरशीचा रोग लागला आहे, ब्रिटनमध्ये तो २०१२ मध्ये आढळला. उत्तर अमेरिकेत २००२ मध्ये सापडलेल्या एका हिरव्या भुंगेऱ्याने अ‍ॅशचीच झाडं कोट्यवधींनी मारली. असं मेलेलं लाकूड ठिसूळ होतं, कधी कुठे तुटेल याचा भरवसा नसतो. तिथे पकड आणि करवत बसवलेली क्रेन किंवा उचलता पाळणा हेच शहाणपण, आणि ‘यावर मी चढणार नाही’ म्हणणाऱ्या चढणाऱ्याचं म्हणणं शेवटचं मानलं पाहिजे. पण मागच्या अंगणात, अरुंद बोळात, मुळांवरची माती दाबली जाऊ नये अशा जागी क्रेन जात नाही. आणि यंत्र झाड उतरवतं छान, टोकाची नाजूक छाटणी करायला कुणीतरी फांदीवर चालावंच लागतं. यंत्रावर सगळी भिस्त ठेवली तर छाटणीची झाडंही हळूहळू तोडणीची होतील.

म्हणून माझा आग्रह काम देणाऱ्याकडे आहे. निविदेत फक्त झाडांची संख्या आणि एकूण रक्कम असेल तर ती निविदा शेंडा उडवण्याचंच आमंत्रण आहे. त्यात लिहावं की कुठल्या झाडाचा कुठला भाग किती कमी करायचा आणि का. जागेवर किमान किती माणसं असतील, त्यात सुटका करू शकणारा दुसरा चढणारा कोण, त्याने शेवटचा सराव कधी केला, साधनांची तपासणी कधी झाली. दर झाडामागे न लावता टोळीच्या दिवसामागे लावावा, आणि वारा-पाऊस आला म्हणून काम थांबलं तर त्या दिवसाचा काही भाग द्यावा, म्हणजे ओल्या फांदीवर जाण्याचं बक्षीस उरणार नाही. दारात एकच झाड असलेल्या घरमालकालाही यातले दोन प्रश्न विचारता येतील: वर जाणाऱ्याशिवाय अजून कोण चढू शकतं, आणि तुम्ही काटे वापरणार का? उत्तर देताना जो चिडतो त्याला काम देऊ नये.

छोट्या ठेकेदारांना हे परवडणार नाही, ही हरकत मी ऐकली आहे. माझा अनुभव उलट सांगतो. नीट काम करणाऱ्या तिघांच्या छोट्या टोळ्याच आज सर्वांत जास्त मार खातात, कारण त्यांच्याशी स्पर्धा करणारा एकाची मजुरी आणि निम्मा दिवस वगळून दर भरतो. सगळ्यांनी एकाच कामाचा दर भरला तर फरक फार उरत नाही. खर्च वाढेल, हे खरं आहे. त्याच पैशांत यंदा कमी झाडं छाटून होतील. पण शेंडा उडवलेलं झाड काही वर्षांत पुन्हा यादीत येतं, आणि नीट छाटलेलं बराच काळ येत नाही.

राहिला लेखापरीक्षक. त्याला सर्वांत कमी रकमेचा आकडा हवा असतो, कारण तो तपासायला सोपा. त्याच्यासाठी कामाआधीची आणि नंतरची छायाचित्रं, प्रत्येक मोठ्या कापाचं चित्र आणि तीन वर्षांनी त्याच झाडांची फेरतपासणी करारातच घालावी, आणि रकमेचा लहानसा भाग त्या तपासणीपर्यंत राखून ठेवावा. कड्यालगत दिलेल्या कापाभोवती तोवर नव्या लाकडाची गोल वळी चढू लागलेली असते, खुंटावर धुमाऱ्यांचा झुबका असतो. दोन्हींतला फरक जमिनीवर उभं राहून, झाडांचं काहीही शिक्षण नसलेल्या माणसालाही दिसतो.